दुरून दिलेली साक्ष

गेल्या नाताळापूर्वीची गोष्ट. आमच्या शब्बाथशाळेतील एका तरुण शिक्षिकेने लहान मुलांसाठी सूर्यमालेचा एक मोठा तक्ता तयार केला होता. मुलगी मोठी हौशी आणि हाताला वळण चांगले. उपासना संपल्यावर तिने तो मला कौतुकाने दाखविला. मी एकेक ग्रह पाहत गेलो आणि मंगळापाशी थबकलो. तांबड्या गोळ्याखाली तिने निळ्या अक्षरांत लिहिले होते, "येथे आजही पाणी वाहते."

मी म्हणालो, "अगं, हे कुठून घेतलेस?"

ती हसून म्हणाली, "सर, तुम्हीच तर सांगितलं होतं. मी तुमच्या वर्गात होते तेव्हा."

खरेच होते ते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ती बातमी जाहीर झाली आणि त्याच्या पुढच्याच रविवारी, म्हणजे ४ ऑक्टोबरला, मी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन वर्गात गेलो होतो. त्या दिवशीचा नेमलेला पाठ बाजूला ठेवून मी मुलांना मंगळावरच्या पाण्याची हकीकत सांगितली. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात तीच गोष्ट नव्याने तपासली गेली व निष्कर्ष बदलला, हेही माझ्या वाचनात आले होते. ते मात्र मी वर्गात सांगितले नाही. विसरलो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण विसरलो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी इतक्या थाटात सांगितलेली गोष्ट परत घ्यावयाची कशी, हा संकोच होता. शिवाय मनात एक भीती होती. 'सरांचे हे चुकले, मग बाकीचे तरी बरोबर कशावरून?' असे मुलांना वाटले तर?

त्या दिवशीही मी "तक्ता सुरेख झाला आहे" एवढेच बोललो आणि घरी आलो. तो आठवडा मला चांगला गेला नाही.

खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण आपली समजूत अशी असते की, खोटी साक्ष म्हणजे जाणूनबुजून केलेले कपट. मी कपट केले नव्हते. २०१५ साली जे छापून आले तेच मी सांगितले. तरीही प्रश्न उरतोच. ज्या वस्तूला आपला हात लागलेला नाही, जी आपण फार लांबून पाहिली आहे, किंवा दुसऱ्याने लांबून पाहिलेली ऐकली आहे, तिच्याविषयी माणसाने किती ठामपणे बोलावे? आणि आपले बोलणे फिरले तर आपल्यावर काय जबाबदारी येते? हा प्रश्न काही केवळ शिक्षकांचा नाही. परंतु शेजारच्या ग्रहांचे दगडधोंडे आकाशातून अभ्यासणाऱ्या भूशास्त्रज्ञांपुढे तो रोजच उभा असतो. त्यांचा धंदाच दुरून साक्ष देण्याचा. म्हणून त्यांच्याकडे पाहावे असे वाटले. (या मोहिमांवर एवढा पैसा घालावा की नाही, हा वेगळा वाद आहे, त्यात आज शिरत नाही.)

आपल्याकडचा भूशास्त्रज्ञ डोंगरावर जातो, हातोडीने खडक फोडतो, भिंगातून पाहतो. दगडात चिकणमाती आहे की नाही हे पाहण्यासाठी तो जिभेला लावून पाहणारेही पुष्कळ आहेत. ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाला यातले काहीच करता येत नाही. तीनचारशे किलोमीटर उंचीवरून त्याला मिळतो तो परत आलेला प्रकाश, रात्री जमिनीतून निघणारी ऊब आणि ग्रहाची ओढ. पण एवढ्यावरून ही माणसे जे काढतात ते पाहून थक्क व्हावे लागते. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर अंगणातली वाळू लगेच गार पडते, पण ओट्याचा दगड रात्री उशिरापर्यंत गरम राहतो, हे आपण जाणतो. मंगळावर रात्री कोणती जागा किती ऊब धरून आहे हे मोजून तिथे धूळ आहे, वाळू आहे की उघडा कातळ आहे, हे याच न्यायाने ठरवितात. 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' या यानाने १९९९ ते २००१ या काळात लेसरचे किरण खाली सोडून ते परत यावयास लागणारा वेळ कोट्यवधी वेळा मोजला, आणि मंगळाच्या डोंगरदऱ्यांचा उंचसखलपणा नकाशावर उतरविला. परावर्तित प्रकाशातले कोणते रंग गाळले गेले आहेत यावरून खनिजे ओळखतात. आणि जमिनीचे वय? ज्या भूमीवर आघाताची विवरे जास्त ती जुनी, कमी ती नवी. पण 'किती वर्षांची' हे सांगावयास आधार लागतो. तो आधार १९६९ ते १९७२ या काळात चांद्रवीरांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीचा. चंद्राचे माप घेऊन मंगळाचा अंगरखा बेतावयाचा, असे हे आहे. अंगरखा साधारण बसतो. पण थोडा सैल ठेवावा लागतो, आणि चांगले अभ्यासक तो सैलपणा आकड्यासोबत लिहून ठेवतात.

आता ही साक्ष कशी चुकते तेही पाहू.

जुलै १९६५ मध्ये 'मरिनर ४' हे यान मंगळाजवळून निघून गेले. जाता जाता त्याने बावीस छायाचित्रे घेतली, त्यातले शेवटचे अर्धवट. त्यांत मंगळाच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का भाग आला होता, आणि त्यात दिसली ती चंद्रासारखी विवरेच विवरे. झाले! मंगळ म्हणजे मेलेला, थंड, दुसरा चंद्र, असा निवाडा पुष्कळांनी करून टाकला. आगगाडी गावाजवळून जावी, खिडकीतून नेमके स्मशान दिसावे आणि प्रवाशाने म्हणावे की या गावात कोणी जिवंत नाही, तसे हे झाले. छायाचित्रांत खोटे काहीच नव्हते. खोटेपणा आला तो एक टक्क्यावरून शंभराविषयी बोलण्यात.

'मरिनर ९' हे १४ नोव्हेंबर १९७१ रोजी मंगळाभोवती फिरू लागले. दुसऱ्या एखाद्या ग्रहाभोवती फिरणारे ते पहिलेच यान. आणि पाहते तो काय, सगळा मंगळ धुळीच्या वादळाने झाकलेला! त्या धुरळ्यातून चार काळे ठिपके तेवढे वर आलेले दिसत होते. लगोलग रशियाची 'मार्स २' व 'मार्स ३' ही यानेही येऊन पोहोचली. त्यांचा चित्रे घेण्याचा कार्यक्रम आधीच बांधून दिलेला होता, तो बदलता येईना; त्यांची बरीचशी छायाचित्रे धुळीचीच निघाली. 'मरिनर ९' ला मात्र पृथ्वीवरून नव्या आज्ञा देता येत होत्या. त्याच्या लोकांनी ठरविले की थांबावयाचे. जवळजवळ दोन महिने ते थांबले. धूळ बसली तेव्हा कळले की ते चार ठिपके म्हणजे प्रचंड ज्वालामुखींची शिखरे होती. त्यांतला ऑलिंपस मॉन्स सुमारे बावीस किलोमीटर उंच आहे. पुढे चार हजार किलोमीटर लांबीची दरी दिसली, कोरड्या नद्यांची पात्रे दिसली. ऑक्टोबर १९७२ पर्यंत त्या यानाने सात हजारांहून अधिक चित्रे पाठविली, आणि 'मेलेला चंद्र' ही साक्ष निकालात निघाली. काही दिसत नसताना बोलावयाचे नाही, हे त्या दोन महिन्यांत त्यांनी पाळले. आपण मंडळींच्या सभांतून एवढे पाळतो का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. असो.

पण सगळे दिसत असतानाही चूक होते, ही त्याहून अवघड गोष्ट. गुसेव्ह नावाचे मंगळावर एक विवर आहे, सुमारे एकशेसाठ किलोमीटर रुंदीचे. शेकडो किलोमीटर लांबीची एक कोरडी नदी दक्षिणेकडून येऊन त्यात शिरते. वरून पाहणाऱ्या कोणालाही वाटेल की हे तळे असले पाहिजे आणि याच्या तळाशी गाळ असला पाहिजे. म्हणून जानेवारी २००४ मध्ये 'स्पिरिट' ही गाडी तेथे उतरविली. गाडीने आजूबाजूचे दगड घासून पाहिले तर गाळ नाहीच. सगळा ज्वालामुखीचा बेसाल्ट, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचा भाऊबंद. तळे कधीकाळी असेल, पण त्यावर लाव्हाने कधीच पांघरूण घातले होते. पाण्याच्या खुणा सापडल्या त्या गाडी दूरच्या टेकड्यांपर्यंत गेल्यावर. त्याच महिन्यात दुसरी गाडी, 'ऑपॉर्च्युनिटी', मंगळाच्या दुसऱ्या बाजूला मेरिडियानी नावाच्या सपाटीवर उतरली. तेथे वरून हेमटाइट नावाचे लोहखनिज दिसले होते, आणि ते बहुधा पाण्याच्या संगतीने तयार होते. तेथे मात्र साक्ष खरी ठरली. मिरीच्या दाण्याएवढ्या करड्या गोळ्या जमिनीवर विखुरलेल्या सापडल्या, त्या हेमटाइटच्याच.

एकीकडे जागेच्या आकारावरून बांधलेला अंदाज, दुसरीकडे पदार्थाचीच ओळख. दोन्ही दुरूनच, पण एकसारख्या वजनाच्या नव्हेत. आणि गुसेव्हच्या अंदाजाबद्दलही मी दोष देणार नाही. 'तळे असावे' असे म्हणणारे ते तपासावयास गाडी पाठवीत होते. तपासून घेण्यासाठी केलेले विधान आणि तपासू नये म्हणून केलेले विधान, यांत शब्द तेच असले तरी नीती वेगळी असते.

कोणी म्हणेल, दुरून पाहणे हाच मुळात दोष आहे; जवळ जावे म्हणजे झाले. तसे नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर पाहा. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे ते विवर बेसाल्टमध्ये आघाताने झालेले आहे, आणि मंगळावरची बरीच भूमी बेसाल्टचीच असल्यामुळे मंगळाचे अभ्यासक मुद्दाम तेथे येतात. त्याच्या काठावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. तरी ते ज्वालामुखीचे तोंड आहे असे पुष्कळ काळ मानले जात होते. उल्केच्या आघाताचा पुरावा दगडांतून हाती येऊन ती गोष्ट पक्की झाली १९७३ च्या सुमारास. पुढे त्याचे वय सुमारे पन्नास हजार वर्षे धरले गेले, आणि २०१० च्या सुमारास दुसऱ्या पद्धतीने मोजल्यावर ते साडेपाच लाखांच्याही वर गेले. दगड हातात होता, तरी ही तऱ्हा! तेव्हा जवळीक ही काही खरेपणाची हमी नव्हे. घरातल्या माणसांविषयीचे आपले निवाडे आठवले तर हे पटावयास लोणारपर्यंतही जावे लागणार नाही.

शुक्राची गोष्ट थोडी निराळी. तेथे ढग इतके दाट की साधा कॅमेरा खालची जमीन पाहू शकत नाही. जमिनीवर सुमारे ४६५ अंश सेल्सियस उष्णता. रशियाचे 'व्हेनेरा १३' हे यान १९८२ साली उतरले ते दोन तास टिकले तेच फार. म्हणून १९९० मध्ये पोहोचलेल्या 'मॅगेलन' यानाने रडारने शुक्र चाचपला आणि अठ्ठ्याण्णव टक्के पृष्ठभागाचा नकाशा केला. त्यावरून संगणकाने काढलेली डोंगरांची चित्रे त्या वेळी जगभर छापली गेली. माट मॉन्स नावाचा ज्वालामुखी त्यात सुळक्यासारखा उभा दिसतो. प्रत्यक्षात तो आठ किलोमीटर उंच असला तरी शेकडो किलोमीटर पसरलेला, अगदी सौम्य उताराचा आहे. चित्रात उंची कोठे दहा पट तर कोठे साडेबावीस पट वाढविलेली होती. यात लबाडी नव्हती, कारण तसे खाली स्पष्ट लिहिलेले होते. उंची न वाढविता चित्र काढले असते तर सपाट मैदानाशिवाय काही दिसलेच नसते. पण चित्र पुढे गेले आणि खालची ओळ मागे राहिली. आपण शिक्षक मंडळी हेच करीत असतो. मुलांना दिसावे म्हणून गोष्ट उंच करून सांगतो, ते क्षम्य आहे. किती पट उंच केली ते सांगावयाचे मात्र राहून जाते.

त्याच माट मॉन्सने पुढे एक आश्चर्य दाखविले. १९९१ च्या फेब्रुवारीत घेतलेल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात घेतलेल्या रडारचित्रांची एका अभ्यासकाने चिकाटीने तुलना केली, तेव्हा तेथील एक मुख सुमारे सव्वादोन चौरस किलोमीटरवरून चारापर्यंत वाढलेले व आकार बदललेले आढळले. शुक्रावरचे ज्वालामुखी आजही जागे असल्याचा हा पुरावा मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रे बत्तीस वर्षे कपाटात होती, कोणालाही पाहावयास मोकळी. जुनी साक्ष जपून ठेवली असली की तीच पुन्हा बोलते.

आता माझ्या पाण्याकडे येतो. 'मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर' हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरत आहे. त्याचा कॅमेरा तीनशे किलोमीटरवरून टेबलाएवढी वस्तू ओळखू शकतो. त्याच्या चित्रांत तीव्र उतारांवर काळपट ओघळ दिसले. रुंदी पाच मीटरांच्या आत, लांबी काही ठिकाणी शेकडो मीटर. उन्हाळ्यात वाढावेत आणि थंडीत फिके पडावेत! ते पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आले तो लुजेंद्र ओझा हा नेपाळात जन्मलेला तरुण तेव्हा पदवीचाच विद्यार्थी होता. २०११ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये त्या ओघळांच्या जागी पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांच्या खुणा दिसल्याचे जाहीर झाले, आणि जगातल्या वर्तमानपत्रांप्रमाणे मीही 'पाणी वाहते' असे म्हणून मोकळा झालो.

२०१७ मध्ये दहा ठिकाणचे दीडशेहून अधिक ओघळ मोजून पाहण्यात आले. ते सगळे सत्तावीस अंशांहून अधिक तीव्र उतारावरच होते, आणि उतार कमी झाला की थांबत होते. पाणी तसे थांबत नाही. पाणी उतार कमी झाला तरी पुढे झिरपते. त्या कोनाला थांबते ती कोरडी वाळू. धान्याची रास ओतली की ती एका ठराविक उताराला स्थिर होते, तसे. दुसऱ्या वर्षी आणखी कोणी दाखविले की क्षारांच्या त्या खुणांपैकी काही आकडेमोडीत शिरलेला दोष असू शकतो. कारण क्षार ओळखणाऱ्या उपकरणाचा एक ठिपकाच अठरा मीटरांचा होता आणि ओघळ पाच मीटरांचेही नव्हते. आज बहुतेकांचा कल कोरड्या वाळू-धुळीकडे आहे.

मला यात विशेष वाटले ते असे. २०११ च्या लेखावर आल्फ्रेड मॅकइवेन या शास्त्रज्ञाचे नाव पहिले होते. २०१५ च्या लेखावरही त्यांचे नाव होते. आणि २०१७ च्या, पाण्याच्या विरुद्ध जाणाऱ्या लेखावरही त्यांचे नाव आहेच. आपल्याच कॅमेऱ्याने दिलेली आपलीच साक्ष त्यांनी भर सभेत पुन्हा तपासावयास काढली. प्रतिष्ठा त्यांचीही होती, माझ्या वर्गातल्या प्रतिष्ठेहून निश्चितच मोठी.

आमच्यातले एक वडील याच गोष्टीवरून उलट बोलतात. "हे लोक आज एक सांगतात, उद्या दुसरे, यांचे ऐकावे कशाला?" असे त्यांचे म्हणणे. मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला आहे. पूर्वी मी म्हणत असे की शास्त्र पुढे जाते म्हणून बदलते. ते उत्तर आता मला अपुरे वाटते. पाहा, ओघळ बदलले नाहीत. ते २०११ साली होते आणि आजही आहेत. त्यांची लांबी-रुंदी बदलली नाही. बदलले ते 'हे कशाचे आहेत' याचे उत्तर. पाहिलेले, मोजलेले आणि त्यावरून ताडलेले, या तीन गोष्टी त्या माणसांनी आपल्या लेखात वेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणून तिसरी मागे घेताना पहिल्या दोन ढासळल्या नाहीत. मी वर्गात तिन्ही एका दमात सांगितल्या. माझी भीती होती ना, एक चुकले तर बाकीच्यावर विश्वास राहणार नाही म्हणून? ती भीती माझ्या सांगण्याच्या रीतीतूनच आली होती. सगळे एकाच आवाजात सांगणाऱ्याला एकही गोष्ट परत घेता येत नाही.

पुढच्या रविवारी मी लवकर गेलो आणि त्या मुलीला सगळे सांगितले. २०१७ चेही, आणि मी ते माहीत असून सांगितले नाही तेही. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, तेव्हाच सांगितलं असतं तर मी काही तुम्हाला खोटं म्हटलं नसतं." मला उत्तर सुचले नाही.

तक्त्याचे काय करावयाचे यावर मात्र आमचे एकमत होईना. मी म्हणालो, ओळ पुसून टाक. तिला ते पटेना. मंगळाखाली रिकामी जागा का, असे मुले विचारतील. शेवटी तिने पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटविली आणि त्यावर लिहिले, "येथे उतारांवर काळे ओघळ दिसतात. उन्हाळ्यात वाढतात, थंडीत फिके होतात."

मुले आली. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारले, "ताई, कशाचे ओघळ?"

तिने माझ्याकडे पाहिले, आणि खडू माझ्या हातात दिला.